दुधाची समजून सोडलेली दाढ

प्रति,
तालुक्यातल्या सर्व प्राथमिक शाळांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य,
तसेच समितीत नसलेले, पण पोरांना रोज फाटकापर्यंत सोडायला येणारे आईबाप, आजी-आजोबा यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला. उजवा गाल टम्म सुजलेला, डोक्यावरून हनुवटीखाली टॉवेल बांधलेला. तीन रात्री घरात कुणाला झोप नव्हती. लवंग धरून झाली होती, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या होत्या. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी आईनं पिशवीतून काढून दाखवली. मी तोंडात आरसा घालून पाहिलं, तर खालची उजवी दाढ करवंटीसारखी पोखरून गेलेली. कडेनं नुसत्या भिंती उभ्या होत्या.

आई म्हणाली, "दुधाचीच हाय न्हवं, मॅडम? टाका की उपटून. नवी येतीया मागनं."

मी तिच्या हातात आरसा दिला आणि समोरच्या मधल्या रेषेपासून मागं मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावीवर तिचं बोट थांबलं. एका बाजूला दुधाचे दात पाचच असतात. सहावी जागा दुधाच्या दाताची नसतेच. ही त्याची कायमची दाढ होती, सहाव्या वर्षी आलेली. मुलगा साडेनऊ वर्षांचा. जन्मभर चावायला मिळालेली दाढ साडेतीन वर्षांत संपली होती.

ती काढावी लागली. केसपेपर करताना आधारकार्ड शोधायला पिशवी उलटी केली, तेव्हा त्यातून घडी घातलेला एक कागद पडला. शाळेत आरोग्य पथक येतं ना, त्यांची चिठ्ठी. सव्वा वर्षापूर्वीची. 'दंतक्षय' या शब्दापुढं बरोबरची खूण, आणि खाली दातांच्या डॉक्टरांना दाखवा अशी सूचना. पथकानं आपलं काम चोख केलं होतं. शाळेनं चिठ्ठी घरी पोचवली होती. घरी ती पिशवीत राहिली. त्या चिठ्ठीपायी मी हे पत्र लिहायला बसले.

मी या तालुक्याच्या गावी २२ वर्षं डेंटिस्ट आहे. लोक 'दाताच्या मॅडम' म्हणतात. खाली नाव घातलेलं नाही. घातलं की पत्राची जाहिरात होते, आणि पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर मला चहाला बोलवायचे बंद होतील.

आरोग्य खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, आणि दातांची कीड त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. म्हणजे हेरण्याचं काम होतंय. हेरलेल्या पोराला हाताला धरून खुर्चीपर्यंत आणायचं काम शेवटी घरच्यांवर येतं. आणि शाळेतलं घर म्हणजे तुम्ही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असं ठरवून दिलंय. शौचालयाला पाणी आहे का, आहाराच्या डाळीत पाणी किती आहे, कंपाउंडची भिंत कधी होणार, हे सगळं तुम्ही बघता. त्या यादीत एक दाढ घाला, एवढंच माझं म्हणणं.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. शाळांमधून दंत तपासणी शिबिरं मीही घेतली. दोन तासांत दीडशे तोंडं, मागं बॅनर, टूथपेस्टच्या छोट्या ट्यूबा, सरपंचांच्या हस्ते नारळ, संध्याकाळी ग्रुपवर फोटो. त्या दीडशेतली नंतर दवाखान्यात किती आली, ते एका वर्षी मुद्दाम मोजलं. चार. त्यातली दोन गुरुजींची होती. तेव्हापासून शिबिरं बंद केली.

ही दाढ येते कशी ते आधी सांगते, कारण घोळ तिथंच होतो. समोरचा दुधाचा दात हलायला लागला की घरात केवढी गडबड! दोरा बांधायचा का, पडलेला दात कौलावर फेकायचा का उंदराच्या बिळात टाकायचा, बोळक्याचा फोटो कुणाकुणाला पाठवायचा. सगळ्यांचं लक्ष पुढं. साधारण त्याच सुमारास, सहाव्या वर्षाच्या आसपास, मागं अंधारात चार दाढा उगवतात. वर दोन, खाली दोन. त्यांच्यासाठी कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, फारसं दुखतही नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागच्या मोकळ्या जागेत त्या येऊन बसतात. दुधाचे दात एकूण २०. त्यांत मागं चार जास्तीच्या दाढा आल्या तरी घरात मोजतंय कोण?

दाढ पुरती वर यायला काही महिने घेते. तोवर ती शेजारणीपेक्षा बुटकी असते आणि तिच्या मागच्या भागावर हिरडीचं झाकण असतं. ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. वर तिचा माथा नांगरलेल्या रानासारखा. काही घळी इतक्या अरुंद की ब्रशचा एक केसही आत शिरत नाही. बिस्किटाचा लगदा मात्र शिरतो.

या घळी बुजवता येतात. त्याला आम्ही सीलंट म्हणतो. दाढ घासून कोरडी करायची, निळं जेल वीस-तीस सेकंद ठेवून धुवायचं, पुन्हा कोरडी करायची, घळींत पातळ रेझिन सोडायचं आणि निळ्या लाइटनं ते घट्ट करायचं. सुई नाही, ड्रिल नाही. चार दाढांना अर्धा तास, तोही पोर गप्प बसलं तर. माझ्याकडे एका दाढेचे ४०० रुपये होतात. सीलंट कधी कधी निघतं, मग परत लावावं लागतं, म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला सांगते. त्याच वेळी फ्लोराइड व्हार्निशचा हात फिरवते. मधासारखं चिकट असतं आणि दाताचं कवच आम्लापुढं टिकायला मदत करतं. आपण होऊन 'पोराच्या दाढा बुजवून द्या' म्हणत आलेले पालक इतके थोडे आहेत की मला ते चेहऱ्यानं आठवतात. त्यातली एक आई आली होती ती स्वतःच्या तीन रूट कॅनालनंतर.

कीड म्हणजे किडा नव्हे, हे आता बहुतेकांना पटलंय. तरी बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून 'किडे' पाडून दाखवणारे अधूनमधून भेटतात. ते पांढरे किडे दाढेतून पडत नाहीत, बियांतून पडतात. खरा प्रकार साधा आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, आणि त्या आम्लात दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, थोडीफार झीज भरूनही काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढा वेळ तिला मिळाला पाहिजे. जेवताना वाटीभर श्रीखंड खाऊन मोकळं होणारं पोर आणि पाच रुपयांचा क्रीम बिस्किटाचा पुडा खिशात ठेवून दिवसभर एकेक करून पुरवणारं पोर, यातलं दुसरं माझ्याकडे येतं. साखर किती पोटात गेली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, हे बघा. जास्त बोलत नाही. आपला तालुका साखरेचा, आणि मी कारखान्याच्या सभासदाची सून.

गळीत हंगामात उसाच्या फडावरून येणारी पोरं आणखी वेगळी. दिवाळीनंतर ती इथं असतात, हंगाम संपला की परत बीडकडं. इथल्या शाळेत पथक येतं तेव्हा ती गावी, आणि गावी पथक येतं तेव्हा ती इथं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्यांचे सुजलेले गाल मी पाहिलेत. नुसता काळा ठिपका असताना त्यातलं एकही पोर माझ्यापर्यंत आलेलं नाही. तुमच्या शाळेच्या पटावर हंगामापुरती ही नावं चढत असतील, तर मी पुढं जे मागणार आहे ते त्यांच्यासाठी आधी मागते.

कीड वरच्या कवचात असते तोवर दुखत नाही. काळा ठिपका दिसतो, भाजीचा दोरा अडकतो. त्या वेळी आलात तर वीस-पंचवीस मिनिटांत दाढ भरून घरी. लोक अजून विचारतात, चांदी भरायची का सिमेंट? चांदी म्हणजे अमाल्गम, त्यात जवळपास निम्मा पारा. युरोपीय संघानं मोजके वैद्यकीय अपवाद सोडून १ जानेवारी २०२५ पासून ते बंद केलं. मी त्याच्या कितीतरी आधी सोडलं. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी नीट बसलेली आहे त्यांनी मात्र घाबरून ती उकरायला येऊ नये. आता दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतो, लहान मुलांत पुष्कळदा ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट, ज्यातून थोडं फ्लोराइडही पाझरतं. खुर्चीवर टिकतच नाही अशा लहानग्याच्या दातावर चांदीयुक्त फ्लोराइडचा थेंब लावता येतो. बहुतेक वेळा कीड तिथल्या तिथं थांबते, पण डाग कुळकुळीत काळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आयांना तो काळा रंग पटत नाही. आज्यांना चालतो.

इथवर आलात तर स्वस्तात सुटलात. पण दाढ ठणकल्याशिवाय दवाखाना नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. थंड पाण्यानं क्षणभर शिणशिणतं तोवर नस सहसा बरी असते. गरम चहानं कळ येऊन ती रेंगाळते, रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो, तेव्हा नस सुजलेली असते. मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं आणि घरात म्हणतात, गुण आला. गुण कसला? नस मेलेली असते. त्यानंतर मुळाच्या टोकाशी, हाडात, पू धरायला लागतो. तो कधी हिरडीवर फोड होऊन फुटतो, कधी गालावर येतो. सूज हनुवटीखाली गळ्याकडं उतरायला लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं, तर माझी वाट बघायची नाही. थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मेडिकलमधल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढेतलं मूळ कारण तसंच राहतं. पंधरा दिवसांनी तीच सूज परत येते.

रूट कॅनाल म्हटलं की माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो. करतो काय आम्ही? भूल देऊन दाढेच्या माथ्यावर एक छोटं दार पाडतो, आतली सडलेली नस केसासारख्या बारीक फाइलींनी मुळाच्या टोकापर्यंत काढतो, औषधानं धुतो आणि पोकळी गटापर्चानं भरून टाकतो. गटापर्चा म्हणजे मलाया-इंडोनेशियाकडच्या एका झाडाचा चीक. समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकल्या तेव्हा त्यांच्यावर हाच चढवला होता. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, कधी चार. ती चौथी सुटली की काही महिन्यांनी दाढ पुन्हा ठणकते आणि नाव माझं जातं. 'एवढ्या वेळा एक्स-रे कशाला' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे.

मोठ्या माणसात हे सगळं जमतं. सहा-सात-आठ वर्षांच्या पोरात याच दाढेची मुळं पुरती तयारच नसतात. नवव्या-दहाव्या वर्षी होतात. तोवर टोकं नरसाळ्याच्या तोंडासारखी उघडी. तिथं नेहमीचं रूट कॅनाल चालत नाही, उरलीसुरली नस जगवण्याची खटपट करावी लागते, आणि ती दर वेळी साधते असं नाही.

रूट कॅनाल झालं की कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. इथं फार जण गळतात. दुखायचं थांबलं, खिसा रिकामा झाला, कॅप पुढच्या उसाच्या बिलावर. पण दाढ आतून कोरलेल्या भोपळ्यासारखी झालेली असते आणि एखाद्या फुटाण्यानं तिचे दोन तुकडे होतात. मुळापर्यंत चीर गेली की रूट कॅनालचे पैसे पाण्यात. म्हणून मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते: रूट कॅनाल ४,०००, धातूची कॅप २,५००, सिरॅमिकची ४,०००, झिर्कोनियाची ८,०००. मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते. ती चारचौघांत दिसत नाही, हाच तिचा तोटा. कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तरी असा कागद मागून घ्या. त्यात लाजायचं काही नाही, आणि देणाऱ्यानं रागवायचंही नाही.

दाढ काढणं सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत आवडतं. वरच्या दाढा तेवढ्या वाचतात, कारण 'वरची दाढ काढली की नजर जाते' ही भीती. नजरेचा आणि दाढेचा काही संबंध नाही. चाळिशीत दाढा जायला लागतात आणि चाळिशीतच चाळिशी लागते, एवढाच योग. तरी मी हा गैरसमज फार हिरिरीनं खोडायला जात नाही. माझ्या भाषणांनी वाचवल्या नसतील इतक्या दाढा त्यानं वाचवल्यात.

मोठ्या माणसाची खालची सहावी दाढ गेली की मागची सातवी मोकळ्या जागेत कलते आणि वरची, जोडीदार न उरल्यानं, खाली उतरायला लागते. काही वर्षांनी त्या बाजूनं चावणंच सुटतं. मग ब्रिज, म्हणजे दोन्ही शेजारच्या धडधाकट दाढा घासून त्यांच्या खांद्यावर मधली बसवायची. नाहीतर इम्प्लांट. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात बसवला तो टायटॅनियमचा स्क्रू. हाडाला घट्ट धरायला त्याला तीन ते सहा महिने लागतात आणि माझ्याकडे एकाचा खर्च २५,००० च्या पुढं जातो. जबडा अजून वाढतोय अशा पोराला तो बसवतच नाहीत. चौथीतल्या त्या मुलाच्या बाबतीत एवढीच आशा आहे की बाराव्या वर्षाच्या आसपास येणारी सातवी दाढ पुढं सरकून ती जागा बऱ्यापैकी भरेल. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. त्याच्या बाकीच्या तीन दाढांपैकी एक भरली, दोन बुजवल्या.

आता 'दुधाचाच तर आहे' याबद्दल. समोरचे दुधाचे दात सहा-सात वर्षांत पडतात, त्यावरून लोक सगळ्यांचा हिशेब करतात. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. पाचव्या वर्षी किडून ती उपटली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढं सरकून जागा खाते, खालून येणाऱ्या दाताला वाट राहत नाही, आणि सातवीत तुम्ही क्लिपा लावायचे पैसे विचारायला येता. म्हणून दुधाची दाढ भरतो. नस गेली असेल तर तिचंही रूट कॅनाल करतो. काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला बारीक तारेची कडी बसवतो. आणि तान्ह्याच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवू नका. दीड वर्षाच्या पोराचे वरचे चारही दात तपकिरी झालेले मी बघते, ते त्यामुळंच.

पोरांना घेऊन बऱ्याचदा आजीच येते. पोराचं झालं की मी म्हणते, आजी, आता तुम्ही बसा. आजी पदर तोंडाला लावतात, कारण सकाळची मिसरी अजून हिरडीत असते. फॅमिली डेंटिस्ट असण्यातली खरी कमाई ती. त्या घरातला कोण काय खातो, कुणाला शुगर आहे, कोण रक्त पातळ करायची गोळी घेतो, सगळं ठाऊक असतं, आणि न मागता तोंडात बघता येतं. आजींच्या दातांवर किटणाचा थर असतो, हिरड्यांतून रक्त येत असतं. साफ करू म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नको गं, मशिननं दात ढिल्ले हुत्यात." किटण निघालं की दात हलताना जाणवतात, कारण हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणानं प्लास्टरसारखं सगळं धरून ठेवलेलं असतं. शुगर असलेल्यांनी तर हिरड्यांकडं जास्तच बघावं. बिघडलेल्या हिरड्या आणि वाढलेली शुगर एकमेकींना चढवतात.

पण त्या खुर्चीवर मी आधी शोधते ते दुसरंच. गालाच्या आत पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम. एका मिनिटाचं काम आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते हे घराघरांत ठाऊक असतं; चट्टा वेळेत दाखवला तर तिथवर जावं लागणार नाही, याची चर्चा कुणी करत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. तरी सातवी-आठवीतली पोरं 'तिखट झोंबतंय' म्हणून येतात आणि तोंड पुरतं उघडत नाही. ते सुपारीचं काम. आपल्याच हाताची तीन बोटं उभी तोंडात जातात का, ही परीक्षा गुरुजींनाही वर्गात घेता येईल. जात नसतील तर त्या पोराला ओरडू नका, घेऊन या.

आता मागणं. निधी नको, शिबिर तर नकोच. पहिलीला येणाऱ्या पोरांचा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, आया आलेल्या असतात, पोरं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडं रंग ओळखत, उड्या मारत फिरत असतात. तिथं एका टेबलावर मोबाइलचा टॉर्च घेऊन एक ताई बसवा. आईनं स्वतः पोराचं तोंड उघडून मधल्या रेषेपासून मागं मोजायचं. सहावी आलीय का? आली असेल तर वहीत नोंद. नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा. एकदा त्या बाईनं स्वतःच्या बोटानं सहावी मोजली की ती जन्मात तिला दुधाची म्हणणार नाही.

दुसरं त्या चिठ्ठ्यांचं. पथक येऊन गेल्यावर दर महिन्याच्या बैठकीत दोन आकडे वाचा: दातांच्या चिठ्ठ्या किती दिल्या आणि त्यातली किती पोरं दाखवून आली. नावं वाचू नका. किडके दात चिडवायला पोरांना निमित्त लागत नाही. बऱ्याच घरी आई रोजंदारीवर आणि बाप ट्रकवर, पोराला आणणार कोण? शनिवारची सकाळची शाळा सुटली की समितीतल्या एखाद्या ताईनं पालकांच्या सहीचा कागद घेऊन चार पोरं वडापच्या जीपनं आणली, तर तेवढ्यानं भागतं. शनिवारी १२ ते २ मी दुसरे पेशंट घेत नाही. सीलंटला त्या वेळात सामानाचे पैसे तेवढे घेते. माझ्याकडेच या असं नाही. ग्रामीण रुग्णालयात विचारा. कराडला, सांगलीला डेंटल कॉलेजं आहेत. तिथं शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

आणि ती वाढदिवसाची चॉकलेटं. वर्गात ४० पोरं म्हणजे वर्षाला ४० वाढदिवस, वर १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, आणि पाहुण्यांनी 'तोंड गोड करा' म्हणून आणलेलं वेगळंच. पेरू वाटा, शेंगा वाटा, फुटाणे वाटा. पोषण आहार झाला की नळावर एक चूळ सगळ्यांनी. घरी रात्री झोपताना ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट लावून, आणि मागच्या बुटक्या दाढेवर ब्रश आडवा घालून. तो आईनं करायचा. सात-आठ वर्षांपर्यंत पोराच्या हातात ब्रश म्हणजे पेस्ट खायचं साधन.

यातलं काही पटलं नाही, किंवा शाळेत अडचण आली, तर शनिवारी दोननंतर या. तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि चहा होतो.

आपली,
दाताच्या मॅडम

ता. क. हे खेळाच्या शिक्षकांसाठी, कारण कबड्डीचे सामने जवळ आलेत. समोरचा कायमचा दात मुळासकट पडला तर तो मातीत शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर काही सेकंद पाण्यात हलवा, घासू नका. पोर शुद्धीवर असेल आणि तुमचा हात धजावत असेल तर लगेच त्याच जागी बसवून त्याला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. नाहीच जमलं तर दात वाटीभर थंड दुधात टाका. कोरड्या रुमालात गुंडाळू नका, नुसत्या पाण्यात ठेवू नका. अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठलात तर तो दात पुन्हा धरायची आशा चांगली असते. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवू नका. दुधाचा का कायमचा हे कळेना, तर दात दुधाच्या वाटीत, पोर मोटारसायकलवर, आणि निघताना मला फोन.